द्वारपाल आणि मूषक

सांगवी, ३ मार्च, सकाळ
वरच्या मजल्यावरच्या बबनरावांचा मिक्सर आज पुन्हा सहाला सुरू. दाण्याच्या कुटासाठी एवढा गजर करावा, असं कोणत्या धर्मशास्त्रात सांगितलंय ते शोधलं पाहिजे. चिरंजीव जयदीप दचकून उठले. भोसरीच्या वर्कशॉपला महिनाभर गेलेले नाहीत. प्रेस मशीनचा आवाज डोक्यात शिरतो म्हणे. थकवा आहे. दुसरं काही नाही.

४ मार्च
पुरवणीसाठी उंदरांवर लेख. मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी बारीक आवाज ऐकवला, तर निरोगी उंदीर कमी दचकतो. मेंदूचा द्वारपाल नको ते अडवतो. डोपामिन, ग्लुटामेट अशा रसायनांचा तोल बिघडवलेले उंदीर मात्र जोरात दचकतात. स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात हेच तपासतात. शीर्षक: 'द्वारपाल आणि मूषक'. संपादक शेखर म्हणाला, गणपतीला अजून वेळ आहे राव.
जयदीपचा याच्याशी संबंध नाही. लेख पुन्हा पुन्हा वाचला, तो शुद्धलेखनासाठी.

६ मार्च
संकल्प: घरगुती प्रयोग. तपेलं आपटण्याआधी कपावर चमच्याने टिक्. याला प्री-पल्स म्हणतात, असं सौ. तनुजाला समजावलं. ती म्हणाली, अहो, त्याचे पोलिओचे डोस केव्हाच झालेत.
टिक्. धडाम. जयदीप जोरात दचकला. वरून बबनरावांनी विचारलं, काय पडलं का काय वो सर?
निष्कर्ष: कप चिनी मातीचा होता. उद्या स्टीलचा पेला.

७ मार्च
पेला. टिक्. धडाम. दचकलाच. मग अगदी शांतपणे म्हणाला, बाबा, ते टिक् करू नका, त्यांना राग येतो.
त्यांना म्हणजे बबनरावांना. उघड आहे.
तनुजा म्हणाली, बबनराव सकाळीच चऱ्होलीला गेलेत, शेताच्या कामाला.
मग त्यांच्या बायकोला, सोजराबाईंना.
त्याही गेल्यात. कुलूप आहे.
तपेल्याला पोचा आलाय. प्रयोग तूर्त स्थगित.

१० मार्च
तनुजाने डॉक्टरांकडे नेलंच. मी प्रथम मिक्सरचा विषय काढला. डॉक्टरबाईंनी मिक्सर बाजूला ठेवायला सांगितला. मग म्हणालो, विशेष काही नाही हो, मुलगा हल्ली आमचं ऐकत नाही, एवढंच.
बाईंनी विचारलं, तुमचं ऐकत नाही. बरं. मग कुणाचं ऐकतो?
'कुणाचं' ही षष्ठी. प्रश्न व्याकरणाला धरून होता. उत्तर मी देणार, एवढ्यात जयदीपच बोलला. म्हणाला, दोघं आहेत.
तनुजाने त्याचा हात धरला. मी पंख्याकडे बघत होतो.

११ मार्च
लेख देत नाही म्हणून शेखरला कळवलं. त्याने कारण विचारलं नाही.
गोळ्या सुरू. फरक पडायला काही आठवडे लागतील, तोवर एकटं सोडू नका, असं बाईंनी सांगितलंय. तनुजाने त्याच्या खोलीची आतली कडी काढवून घेतली.
मला भीती वाटते. ते दोघं त्याला काय करायला सांगतात, हे तो आम्हाला सांगत नाही. आणि तो त्यांचं ऐकेल.