पांढऱ्या जीपला परखी

रविवार, ३ मे

सगळ्यात आधी आली ती शेजारची मंगला. गाडीनं अजून शहराबाहेरचा बांभोरीचा पूलही ओलांडला नसेल. "अक्का, तुमच्याकडं जीप येतेय ना?" हिला कोण सांगतं देव जाणे. चहाचं आधण ठेवलेलंच होतं, त्यात तिचा कप वाढला.

साडेदहाला जीप आली. पांढरी, उंच, चढायला पायरी लागते. उतरले आमचे जावई सुभाषराव (पुढं नुसतं जा. लिहीन, बोटं दुखतात) आणि त्यांचा धुळ्याचा दोस्त बाळूशेठ. हा जुन्या गाड्या विकतो. बोटांत चार अंगठ्या. त्याला बा.शे. लिहीन, तेवढंच पुरे.

गाडी आमच्या दीपालीला घ्यायचीय. प्रकाशची पोरगी, माझी नात, गुरांची डॉक्टर! शिरपूरला खोली करून राहते आणि तिथून वर सातपुड्यातल्या पाड्यांवर जाते. सात पिढ्या आम्ही गुरं राखली, गुरांना सुई टोचणारी ही पहिलीच. लिहितानाही हसू फुटतं मला. पण मागच्या पावसाळ्यात तिची स्कूटी नाल्यात वाहून गेली आणि पोरगी दोन तास पळसाला धरून उभी. तेव्हापासून ठरलं, चारी चाकं ओढणारी गाडी पाहिजे. नवी झेपत नाही, म्हणून जुनी.

गाडी काय चकाकत होती. झाकण उघडून दाखवलं तर आतल्या इंजिनात तोंड दिसेल. खालून काळा रंग, ताजा. आत अत्तर. बा.शे. म्हणे, "अक्का, एका डॉक्टरची गाडी. नुसती लग्नकार्याला काढायचा."

डोंगर चढायची गाडी आणि लग्नाला काढायचा!

दीपालीनं मला मागं बसवून महामार्गापर्यंत चक्कर मारली. पोरीचं तोंड असं फुललेलं मी दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. पण त्या अत्तराच्या खालून एक वास येत होता. ओळखीचा. नाव काही आठवेना.

प्रकाश म्हणाला, बरी वाटते. जा. म्हणाले, "मग ठरलं. पुढच्या रविवारी कागद घेऊन येतो." जावयासमोर सासूनं काय बोलायचं? ते गेल्यावर भांडी आपटली तेव्हा कळलं, राग आलाय. स्वतःचाच.

सोमवार, ४ मे

वास आठवला. पहाटे दळण काढताना.

भिजून वाळलेली तूर.

सत्तावीस वर्षं डाळमिलमध्ये काढली मी. एका सालात गोदामाचे पत्रे गळले, शंभर पोती भिजली. माल गच्चीवर वाळवला, वरून तेल मारलं आणि अशी डाळ झाली की सराफानं काट्यावर ठेवावी. लांबून पाहणारा फसलाच पाहिजे. आम्ही निवडणाऱ्या बाया आपसात म्हणायचो, जिला जास्त तेल ती डाळ म्हातारी.

म्हणून पोत्याचं तोंड बघू नये, पोट बघावं. त्यासाठी परखी असते. लोखंडाची, चोचीसारखी, मधून पन्हळ. पोत्यात खुपसली की पोटातला माल पन्हळीतून हातावर येतो. शेवटची दहा वर्षं माल उतरताना शेठ परखी माझ्याच हातात द्यायचा. काम सोडलं त्या दिवशी बाकीच्या बायांना लुगडं दिलं, मी म्हटलं मला परखी द्या. स्वयंपाकघरात खिळ्याला आहे अजून. किराण्यावाल्याला माहीत आहे, माझ्याकडं वाईट तांदूळ पाठवत नाही.

पण गाडीचं पोट कुठं असतं?

बुधवार, ६ मे

प्रकाशला सांगितलं. जेवायला बसला होता, म्हणजे उठून जाता येणार नाही.

"माय, नवीन सीट कव्हर आहेत. त्यांचा वास असेल."

"नव्या कव्हरला भिजलेल्या तुरीचा वास येतो का रे?"

"जाऊ दे ना माय. भावजींनी आणलीय. ताईचं घर आहे ते."

ताईचं घर म्हणजे माझ्या सुमनचं, हे काय मला हा सांगणार? नऊ महिने मी वाहिली तिला. आणि दीपाली? ती कोणाची? जावयाचं तोंड राहावं म्हणून माझ्या नातीनं पुन्हा पळसाला लटकायचं? असं सगळं बोलले. भाजी करपली. प्रकाश पिशवी घेऊन भाजी आणायला गेला आणि तासाभरानं रिकामी पिशवी घेऊन आला. बाप होऊन तीस वर्षं झाली याला.

शुक्रवार, ८ मे

ऊन इतकं की रस्त्याचं डांबर चपलेला धरतं. तरी रफिकभाईच्या गॅरेजवर गेले. प्रकाशची मोटरसायकल तोच बघतो. स्टूल दिलं, ताक मागवलं. भला माणूस.

म्हणाला, "अक्का, गाडी थंड असताना चालू करून बघायची. गिऱ्हाइकाच्या दारात येते ती गरमच असते. गरम गाडी सगळ्यांचीच चालते."

मला एकदम लख्ख झालं. धुळ्याहून आली ती गरमच आली होती!

मग वासाचं विचारलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "पुराच्या पाण्यात बुडालेली असेल तर घेऊ नका. पाणी प्यालेली गाडी आज चालते, महिनाभर चालते. आत वायरी हिरव्या होत जातात. मग कुठं मरते माहीत आहे? नेमकी पाण्यात."

"ओळखायची कशी?"

"पोटात बघावं लागतं. शेठ लोक पोटात बघू देत नाहीत."

घरी येईपर्यंत मी रस्त्यानं एकटीच बोलत होते. मंगलानं पाहिलं, म्हणजे आता गल्लीला कळलं.

रविवार, १० मे

रात्र बरीच झालीय. तरी लिहिते.

दीपाली काल रात्रीच आली होती. हार, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं, सगळं तिनं स्वतः आणलं. मी पुरणाचे मांडे केले, रस काढला. जावई जेवणार. गाडी अकराला आली, बोनेटवर हात ठेवला तर चटका. गरम!

मंगला हजर. मोबाईल काढून फोटोला तयार.

जा. म्हणाले, "मामी, कुंकू तुमच्या हातचं लागू द्या." ताट घेऊन आत चढले. परखी कमरेला खोचलेली होती. का खोचली विचाराल तर सांगता येणार नाही. सवय.

अत्तर मागच्या रविवारपेक्षा दुप्पट. आणि खाली तीच तूर.

मी नीट, गोड आवाजात विचारलं, "शेठ, ही गाडी कधी पाण्यात उभी होती का?"

बा.शे. हसला. "अक्का, पाण्यातून जायलाच बनवलेली गाडी आहे ही!"

आणि जा. म्हणाले, "मामी, ही जीप आहे. तुरीचं पोतं नाही."

सगळे हसले. प्रकाश हसला. मंगला हसली, जी माझ्या घरचा चहा पिऊन उभी होती.

पुढं मी काही ठरवून केलं नाही. सत्तावीस वर्षांचा हात आहे, तोच चालला. परखी सीटमध्ये खच्चकन. मनगट फिरवलं, ओढली. पन्हळीत पिवळा स्पंज आणि त्याच्यासोबत राखाडी, पिठासारखा गाळ. तळहातावर घेतला, चोळला, वास घेतला. शहरात राहून चार लोकांत मी नीट मराठी बोलते, पण रागात जिभेवर माहेर येतं. ओरडलेच, "हाई गाडी पानी पियेल शे!"

मग बा.शे. किंचाळला, "सीट फाडली! नवीन सीट फाडली! आता गाडी तुमची. फाडली म्हणजे घेतली!"

"परखी मारली म्हणजे पोतं घेतलं असं कोणत्या बाजारात असतं रे?"

"ही बाजार समिती नाहीये अक्का!"

"मग पोतं नाही, बाजार समिती नाही, तर तेल कशाला मारलं?"

बा.शे.नं चावी कुंकवाच्या ताटात फेकली आणि गेला रिक्षा करून स्टँडवर. गाडी आमच्या दारात. जा. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मामी, माझा शब्द होता." आणि तेही गेले. न जेवता. सुमनच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली, जावई माझ्या दारातून उपाशी कधी गेला नव्हता.

मांडे तसेच. रस मंगलानं वाटीभर नेला. लाज नाही.

दीपाली हार गुंडाळत बसली होती. म्हणाली, "मला तीच हवी होती गं, मोठी माय." नुसतं एवढंच. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

सोमवार, ११ मे

सुमनचा फोन.

"माय, चारचौघांत त्यांना खोटं पाडलंस."

"चारचौघांत मला हसले तेव्हा?"

"तू जावयाशी बरोबरी करतेस?"

"मी गाळाशी करतेय. गाळ होता की नाही?"

ठेवला फोन. मीही ठेवलाच असता, तिनं आधी ठेवला.

बाहेर ती पांढरी उभी. येता जाता बघते, तीही माझ्याकडं बघते. कुंकू लावलं नाही ते बरं झालं. उन्हात सीटचं भोक अजून मोठं दिसतं. शिवणार नाही मी.

मंगळवार, १२ मे

दुपारी दोन. गल्ली सगळी कूलरसमोर आडवी. आणि हॉर्न!

थांबेचना. चावी माझ्या देव्हाऱ्यात, ताटात, कुंकवात पडलेली. गाडीत कोणी नाही. तरी आपोआप बोंबलतेय. सगळ्यात आधी कोण आली असेल? मंगला. "अक्का, भूत आहे का हो गाडीत?"

भूत कसलं. वायरी हिरव्या.

प्रकाशनं रफिकभाईला फोन केला, त्याच्या माणसानं येऊन बॅटरीची तार काढली. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की देवाची माफी मागितली. मग पुन्हा राग आला. ही गाडी माझी पोरगी नाल्यात घालणार होती.

बुधवार, १३ मे

रफिकभाई स्वतः आला. मागच्या सीटचा पट्टा धरून ओढत गेला. लुगडं मोजावं तसा हातावर हात. कोणी एवढा ओढत नाही, पोटावरून घेतात आणि सोडून देतात. शेवटची दोन हात पट्टी बाहेर आली आणि तिच्यावर आडवी रेघ. खाली मातकट, वर काळं. पुराच्या पाण्यात भिजून वाळलेल्या धडुत्यावर असते तशीच.

"हे घ्या अक्का. गाडीचं पोट."

प्रकाशनं फोटो काढला. आधी दीपालीला पाठवला, मग मला न विचारता भावजींना. रात्री त्याला मांडा गरम करून दिला.

संध्याकाळी दीपालीचा फोन. "मोठी माय, नाल्यात हॉर्न वाजला असता तर निदान पाड्यावरची माणसं धावत आली असती." हसलो दोघी. खूप हसलो. मग म्हणाली, "पण पाऊस महिन्यावर आलाय. मी जाऊ कशी?"

नाही म्हणणं सोपं असतं. मिलमध्येही मी पोतं बाजूला काढायचे, दुसरं आणायचं काम शेठचं होतं.

गुरुवार, १४ मे

सुमनचा फोन, सकाळीच. आवाज खाली.

जा.नी फोटो बा.शे.च्या टेबलावर ठेवला म्हणे. भांडण झालं. बा.शे. म्हणतो त्यालाही अशीच गळ्यात मारली. असेल. नसेल. "माय, त्यांना खरंच माहीत नव्हतं." मी हो म्हटलं. अर्धं मनापासून म्हटलं, अर्धं लेकीसाठी.

पांढरी परत नेतील. दुसरी दाखवायला आणताहेत. हिच्यापेक्षा जुनी, वनखात्याच्या ठेकेदाराकडची, रंग उडालेला, दारं ठोकलेली. "दिसायला अगदीच कशी तरी आहे गं माय." हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. तेल तरी मारलेलं नाही.

मी एकच अट घातली. सकाळी नाही यायचं. संध्याकाळी आणून दारात उभी करायची, रात्रभर थंड होऊ द्यायची आणि सूर्य उगवताना मी सांगेन तेव्हा चालू करायची. म्हणजे मुक्काम करावा लागेल. म्हणजे जेवावं लागेल. हे सुमनच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं.

शेवटी म्हणाली, "आणि त्यांनी निरोप दिलाय. मामींना म्हणावं, परखी काढून ठेवा."

काढून ठेवा म्हणजे हाताशी ठेवा की नजरेआड करा? विचारलं. म्हणाली, मला काय माहीत, तसंच म्हणाले, हसले नाहीत.

खिळ्यावरून काढली. चिंचेनं घासली. आता ओट्यावर आहे, कुठं ठेवायची ते ठरलेलं नाही. परवा, शनिवारी, सोळा तारखेला संध्याकाळी येतो म्हणालेत.