मागच्या खोलीतली शेगडी

३ मे

आलो एकदाचे नव्या घरात! तेही ऐन उन्हाळ्यात, डोक्यावर ऊन आग ओतत असताना. शहाणी माणसं मे महिन्यात घर बदलत नाहीत, असं नणंदबाईंनी फोनवर सुनावलं. त्यांचं घर तळमजल्यावर, झाडाच्या सावलीत. त्यांना बोलायला काय जातंय! आमच्या जुन्या घराच्या डोक्यावर थेट गच्ची, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. ठिणगीच्या पाठीवर घामोळ्यांचा थर, आणि मागच्या महिन्यात दोनदा नाकाचा घोळणा फुटला. डॉक्टर म्हणाले, पोरीला गार जागी न्या. मग मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागायची वाट पाहिली आणि आठ दिवसांत घर शोधून काढलं. आमचे हे नुसते 'बघू, बघू' करत होते. यांच्या बघण्यावर राहिले असते तर पोरगी भाजून निघाली असती.

ठिणगी म्हणजे आमची सहा वर्षांची लेक. जन्मल्यापासून अंग असं ऊन, की थंडीत तिला कुशीत घेतली तर पांघरूण लागत नाही. म्हणून हे नाव. स्वभावही त्याच जातीचा, तो माझ्यावर गेलाय.

सामान हलवणाऱ्यांचा मुकादम म्हणजे उंटावरचा शहाणा. कपाट आडवं न्यायचं की उभं, यावर त्यानं जिन्यात भाषण ठोकलं आणि शेवटी कपाटाचा आरसा फोडलाच. वर म्हणतो, तडा आधीचाच होता. तडा तुझ्या डोक्याला गेलाय, म्हटलं. त्याचा एक हमाल, रेड्यासारखा धिप्पाड, लोखंडी पेटी घेऊन मागच्या खोलीत गेला आणि हात काखेत घालून बाहेर आला. म्हणे, आत अंगावर काटा येतो, उरलेलं पुढच्या खोलीतच ठेवू का? कामचुकाराला निमित्तच लागतं. मी दारात उभी राहून सगळं आतच ठेवून घेतलं.

आणि ती खोली! बाहेर डांबर वितळतंय आणि आत विहिरीत उतरल्यासारखा गारवा. तेही घरमालकानं खोलीच्या मधोमध बिडाची भली मोठी शेगडी पेटवून ठेवलेली असताना! या उन्हाळ्यात शेगडी! मी तोंडावर हसले. म्हातारा म्हणाला, भिंतीला ओल येते, निखारे विझू देऊ नका, एवढं एक सांभाळा, बाकी घर तुमचंच समजा. मी मान डोलावली. म्हाताऱ्यांपुढे मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

ठिणगी आल्या आल्या फरशीवर पसरली आणि बघता बघता झोपली. किती दिवसांनी पोरगी दुपारची झोपली.

४ मे

शेगडी भंगारवाल्याला दिली. हे म्हणाले, मालकांना एकदा विचारलं असतं तर. म्हटलं, जा, विचारून या, आणि परत येईपर्यंत तिच्याजवळ बसा शेकत. पेपर उघडून बसले. यांचं हे पेपर उघडणं मला पाठ आहे.

तिन्ही खाटा मागच्या खोलीत हलवल्या. ठिणगीची मी मुद्दाम मागच्या भिंतीला टेकवून लावली, तिथं सगळ्यांत गार आहे म्हणून. पंखा लावायची गरजच नाही. आता नणंदबाईंना फोन करायला हवा. मुद्दामच.

६ मे

शेजारच्या शिलाईवाल्या बाई आल्या होत्या. आल्या म्हणजे उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. या म्हटलं तर नको. गळ्यात टेप तशीच, बाहीला सुया टोचलेल्या, घामानं निथळत होत्या. आत गारवा असून बाहेर तळत उभं राहायचं, याला काय म्हणावं? ठिणगी पुढे आली तर तिचा हात दोन्ही हातांत धरून दाबत राहिल्या, माझाही धरला. मग हळूच विचारलं, शेगडी चालू आहे ना? मी सांगितलं, भंगारात गेली. बाई लगेच निघाल्या. जाताना वळून वळून ठिणगीकडे बघत होत्या. लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही हेच खरं.

८ मे

सगळी गल्ली ओले पंचे डोक्यावर घेऊन दारात बसते आणि आम्ही दुपारी चादर घेऊन झोपतो. लोणी वाटीत ठेवलं तर कडक राहतं. ठिणगीची घामोळी गेली, पाठ कशी काचेसारखी झालीय. पूर्वी पाणी पाणी करून जीव खायची, आता मागतही नाही.

हे मात्र स्वेटर घालून बसतात! औषधांच्या दुकानात दिवसभर उकाड्यात उभे असतात आणि घरी येऊन स्वेटर. काल स्वतःची खाट पुढच्या खोलीत घेऊन गेले. म्हणे, आत हाडं दुखतात. या माणसाच्या अंगात कपभर चहा गरम होईल एवढीसुद्धा धग नाही. लग्नात बघायला हवं होतं.

१० मे

ठिणगी आज भांडली नाही. सकाळी वेणी घालताना रोज केवढा तमाशा असतो. आज बाहुलीसारखी बसून राहिली. मला बरं वाटायला हवं होतं.

११ मे

दुपारी तिला पुढच्या खोलीत बसवून दूध दिलं. स्टीलचा पेला. तिनं हातात धरला आणि पेल्याला बाहेरून पाणी सुटलं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं. दूध मी नुकतंच उकळून ओतलं होतं. तिच्या हातात ते निवलं, आणि साय धरायच्या ऐवजी काठाला घट्ट झालं.

मग दंडाकडे लक्ष गेलं. थेंब होते. मला वाटलं, घाम. पुसला. बर्फाचं पाणी. पुन्हा थेंब आले.

सांगायचं कुणाला? हे घरी आल्यावर सांगितलं. हे म्हणाले, शेगडी. मी ओरडले यांच्यावर. ओरडायला कुणीतरी हवंच होतं.

१२ मे

तापमापी लावली. पारा हललाच नाही. यांच्या दुकानातला माल असाच, म्हटलं, आणि दुसरी आणवली. तीही तशीच. यांना लावली, बरोबर दाखवते. मला लावली, थोडी कमी. ठिणगीला लावली—

डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा, म्हणाले. गरम दूध द्या, म्हणाले. एवढं शिकून हे! पण नाडी बघताना त्यांनी तिचा हात चटकन सोडला आणि स्वतःचा हात पँटला पुसला. मी बघितलं.

१३ मे

घरमालकाकडे गेले. भंगाराचं ऐकलं आणि म्हातारा खरं बोलला. ओलीचं खोटं सांगितलं, म्हणाला. खरं सांगितलं तर घर कोण घेईल? त्या खोलीला ऊब लागते. निखारे असले तर निखाऱ्यांची घेते, नसले तर जे माणूस भिंतीजवळ असेल त्याची. एकदा शेगडी विझली की मग त्या खोलीला निखारा नको असतो. त्यानं विचारलं, भिंतीला लागून कोण झोपतं?

मी त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. मग आठवलं, खाट मीच लावली.

धावत भंगारवाल्याकडे. शेगडीचे घणानं तुकडे झालेले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते माझ्यासाठीच.

१४ मे

नवी शेगडी आणली. अंगणात कोळसे लालबुंद केले आणि आत नेले. उंबरा ओलांडला आणि काळे पडले. पुन्हा पेटवले. पुन्हा काळे. हे गपचूप बाहेरून नवे निखारे आणत राहिले, संध्याकाळपर्यंत. हाताला फोड आले यांच्या.

१५ मे

हे घर सोडायचं ठरवलं. सामान गेलं खड्ड्यात. यांनी ठिणगीला उचलून उन्हात नेलं. फाटकापर्यंत पोचले नाहीत तोच पोरीची मान लटकली. नाकापाशी आरसा धरला, कपाटाच्या त्याच आरशाचा फुटका तुकडा. काही उमटलं नाही. परत आत आणली, खाटेवर ठेवली. मग श्वास आला.

का, ते कळलं. तिच्या खाटेमागच्या भिंतीला हात लागला. भिंत ऊन होती. एवढीच जागा, पोरीच्या पाठीएवढी. चटका बसणारी नाही, तापल्या अंगासारखी. गाल लावला तर तिच्या केसांचा वास आला. माझी ठिणगी भिंतीत आहे आणि खाटेवर—

मी भिंतीवर डोकं आपटलं. शिव्या दिल्या, तोंडाला येतील त्या, मास्तरीण असून. मग त्या भिंतीलाच मिठी मारून उभी राहिले. बोटं बधिर झाली. आणि मागून ठिणगी खोकली. पाणी मागितलं.

पाणी मागितलं तिनं!

१६ मे

ठिणगीची खाट दाराशी सरकवली. मी भिंतीला पाठ लावून बसले आहे. घे, म्हटलं, माझ्यात भरपूर आहे. साऱ्या शाळेला विचार.

हे म्हणाले, मी बसतो. बसवलं थोडा वेळ. पोरीत काही फरक पडेना आणि यांचे ओठ निळे व्हायला लागले. हाकलून दिलं. म्हटलं, तिला दोघांतलं एक तरी लागेल. हे रडले. एवढा मोठा माणूस, आणि—

ठिणगीच्या कपाळावर घाम. चाटून बघितला. खारट. घामच.

१७ मे

पोरगी भांडते! उकडतंय म्हणते, पाठ खाजते म्हणते. घामोळं आलं, एवढंसं, मानेवर. असं सुंदर घामोळं मी जन्मात बघितलं नाही.

हे तिला शिलाईवाल्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी दार उघडून ठेवलं होतं. मी काय काय बोलले होते या बाईला, मनात.

मी उठले, दारापर्यंत गेले. तिकडून यांची हाक आली— पोरीचे हात पुन्हा गार पडले. परत येऊन बसले. हाक थांबली.

म्हणजे असं आहे तर. मी उठायचं नाही.

१८ मे, बहुतेक

पेन नीट धरवत नाही. खिडकीतून ऊन येतं, पायावर पडतं. पडलंय हे दिसतं फक्त.

भिंत माझ्या पाठीएवढी ऊन झालीय. बरं वाटतं टेकून. हेच वाईट आहे.

यांना सांगितलं, मी गप्प झाले की पोरीची सगळी ऊब तिला परत मिळाली समजा, दार लावून घ्या. ठिणगीला घेऊन लांब जा. माझ्यासाठी शेगडी कुठे मिळते म्हणून वेड्यासारखे हिंडू नका. आत दुसरं कुणी— भाड्यानं कुणाला— म्हाताऱ्याला सांगा—

यांनी हो म्हटलं. खिडकीतून हात धरला. यांचा हात केवढा गरम. एवढी वर्षं मी—

आज कुणाचा राग येत नाहीये. म्हाताऱ्याचाही नाही. येत नाही म्हणजे संपत आलंय.

राग आणायला हवा. नणंद. नणंद काय म्हणाली होती— शहाणी माणसं— बरोबरच होतं तिचं. छे. दुसरं.

तिकडे ठिणगी रडते आहे, ऐकू येतंय. केवढ्यानं. पाय आपटते. आई पाहिजे म्हणते. रड गं, रड. अंग तापव.

मुकादम. हां. त्याचा राग. त्यानं माझं ते फोडलं— कपाटाचं— त्यात आपण दिसतो ते— काय बरं म्हणतात—