मेजर, मी आणि डोंगराचा माथा

४ जानेवारी १९५९, रविवार
वर्गमित्र महादेवचे कार्ड आले. एक फेब्रुवारीला जुनी मंडळी पोपटी लावायला बोर्लीत येणार. तीही मागच्या डोंगराच्या माथ्यावर, मॅट्रिकच्या वर्षी लावली होती तशी. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, भोवती पेटता पेंढा आणि पायाखाली चांदण्यात अख्खे गाव! मडके डोक्यावर घेऊन सर्वांत आधी माथा गाठला होता तो मी. ही हकीकत मी शाळेतल्या प्रत्येक वर्गाला ऐकवली आहे. पोरांना पाठ आहे.

उद्यापासून रोज पहाटे माथ्यापर्यंत. बरोबर मेजर. कुत्र्याला व्यायाम हवा, पोट सुटले आहे. कुमुद म्हणाली, कोण?

५ जानेवारी
निघालो. अर्ध्या वाटेवर सोनाबाई धनगरणीचे घर. मेजरला धाप लागली म्हणून थांबलो. मुक्या जनावरावर जुलूम नको. तिने ओटीवर बाज टाकली, ताक दिले. घरी सांगितले, माथा गाठला. अगदीच खोटे नव्हे. बाजेवरून माथा स्पष्ट दिसतो.

११ जानेवारी
मेजर आळशी. ओटीपुढे पाऊल टाकत नाही. त्याला एकटे वाटू नये म्हणून मीही आडवा होतो.
शाळेत हरेश्वर ड्रिलमास्तरांनी विचारले, रोज वर जाता? म्हणालो, वरचा वारा वेगळाच हो! मग त्यांच्या पोटाविषयी दोन वाक्ये बोललो. चांगली जमली. स्टाफरूम हसली.

१९ जानेवारी
आज ताकाबरोबर गरम भाकरी. भरल्या पोटी चढ चढू नये. माथा उद्या, नक्की.
कुमुदने विचारले, अहो, वरच्या देवळावर झेंडा आहे का अजून? म्हणालो, आहे, भगवा. जरा विटलाय. 'बरं,' म्हणाली.

२८ जानेवारी
कुमुदही पोपटीला येणार म्हणते. सांगितले, तुला झेपायचे नाही. म्हणाली, मेजरला झेपते ना?

२ फेब्रुवारी, सोमवार
कालचे लिहू नये असे वाटते.
मडके हट्टाने मीच डोक्यावर घेतले. सोनाबाईच्या घराशी आलो तसा मेजर आपणहून वळला आणि बाजेखाली जाऊन पसरला. सोनाबाई बाहेर आली. 'मास्तर, आज सांजचं? आन येवढी मानसं? माज्याकडं बाज येकच हाय!'
कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
म्हणालो, मेजरचा पाय लचकलाय, मी थांबतो त्याच्यापाशी. महादेवने माझ्या डोक्यावरचे मडके उतरवून घेतले आणि हळूच म्हणाला, 'थांब रे मार्तंडा. तेव्हाही मी ते इथूनच घेतलं होतं.'
मला माथ्यावरून दिसणारी बोर्ली आठवते. कौले, सुपारीच्या बागा, लांबवर समुद्र. अजून डोळ्यांपुढे आहे. कुणी सांगितली होती, कोण जाणे.
पुढच्या वळणावरून कुमुदने हाक मारली, 'मेजर!' लचकलेला पाय घेऊन तो सुसाट गेला.
वर जाळ दिसला. हसणे ऐकू आले. बहुधा माझ्यावर नसावे. तेवढाही मी कुणाच्या ध्यानात नसावा.
उतरल्यावर कुमुदने पदरातल्या शेंगा काढल्या. अजून कोमट होत्या. मंडळी पुढे गेल्यावर दाणे सोलून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, 'वर देऊळ नाहीच. कधी नव्हतंच म्हणे.' हे तिने चारचौघांत सांगितले नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.
ड्रिलमास्तरांची माफी मागावी काय? बघू.

४ फेब्रुवारी
आज माथा नक्की. पहाटे निघालो. ओटीशी आलो तेव्हा मेजरसाठी थांबलो. मेजर थांबला नाही. एकदा वर जाऊन आल्यापासून त्याला ओटी पुरत नाही. तो परत येईपर्यंत बाजेवर वाट पाहिली. सोनाबाई म्हणाली, 'कुत्रा तयार झाला तुमचा, मास्तर.'
घरी कुमुदने विचारले, आज कुठवर?
म्हणालो, माथ्यापर्यंत.
वहाणा काढल्या, पाय धुतले. मग म्हणालो, मेजर.