बाहेरून कडी

३ मार्च, मंगळवार

नाही म्हणजे नाही! त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही. वहिनीने रुग्णालयाच्या जिन्यात किल्ली माझ्या हातात कोंबली. "वन्सं, मला यांना सोडून हलता येत नाही. आठ दिवस त्यांना पाणी नाही. तुमच्याशिवाय कोण आहे?"

त्यांना म्हणजे कोणाला? दादाच्या लाडक्या कोळ्यांना! तीन काचेचे डबे, तीन टरांटुला. तळहाताएवढे, केसाळ. दादाच्या मेंदूत गुठळी झाली, उजवा हात हलत नाही, बोलणं गेलंय — आणि त्याच्या कोळ्यांची दाई कोण, तर मी. कोपऱ्यात जाळं दिसलं तरी जिची पाचावर धारण बसते, ती मी.

आणि ती भीती दिली कोणी? यानेच. मी सात वर्षांची, हा अकराचा. घरामागची अडगळीची खोली. "आत बघ, मांजरीची पिल्लं आहेत." मी आत गेले, याने बाहेरून कडी घातली. काळोखात मानेवर, केसांत काहीतरी चालत होतं. मी किंचाळत होते आणि दाराबाहेर हा खिदळत होता. या कानांनी ऐकलंय मी. संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा कडी निघाली. दादाने मार खाल्ला, पण दार का उघडलं नाहीस यावर चकार शब्द नाही. तेव्हा नाही, नंतर एक्केचाळीस वर्षांत नाही. वर सहा वर्षांपूर्वी हे डबे आणले — मला डिवचायला, दुसरं काय! तेव्हापासून त्याच्या घरी गेले नाही.

आता विचारलं तरी सांगणार कसा? वाचाच गेली. सुटला लेकाचा.

४ मार्च, बुधवार

गेले. कुलूप काढलं. दारातूनच परत आले. माझाच मला राग आला.

५ मार्च, गुरुवार

आज आत गेले. लांब तोटीच्या झारीने तिन्ही वाट्यांत पाणी घातलं, निम्मं जमिनीवर. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत: मामा, पाहुणा, आत्याबाई. आत्याबाई सगळ्यांत मोठी. हलली नाही. नुसती बसली होती, लग्नात रुसलेल्या म्हातारीसारखी.

७ मार्च, शनिवार

टेबलावर दादाची वही सापडली. कोळ्यांना काय, कधी, किती. आठवड्यातून एकदा एक रातकिडा, चिमट्याने. उरला तर लगेच बाहेर. पाणी रोज.

पण काय ते लेखन! लिफ्ट दुरुस्त करता करता जन्म गेला याचा, ऱ्हस्व-दीर्घाशी कधी ओळख नाही. छापखान्यात दिवसाला चाळीस पानं तपासते मी, मला बघवेना. लाल पेन काढलं आणि दोन पानांत एकोणीस चुका धरल्या. एका ठिकाणी तर लिहिलंय, "पाठीवर पडली की कात." काय कात? काढ! शाळेत स्वतः ढ होता, आणि ढ लिहिता येत नाही! दुरुस्त करून टाकलं. जरा बरं वाटलं.

११ मार्च, बुधवार

दादाला भेटले. चमच्याला "चावी" म्हणाला, वहिनीला "पंखा". बोलायला शिकवायला येणारी बाई म्हणाली, "शब्द आत आहेत. बाहेर यायची वाट सापडत नाहीये त्यांना. रागावू नका."

रागावू नका! मी आत होते तेव्हा मलाही वाट सापडत नव्हती, बाई. तेव्हा कुणी आलं होतं का माझ्यासाठी? हे तिला बोलले नाही. इथे लिहिते.

१५ मार्च, रविवार

पहिला रातकिडा दिला. चिमटा इतका थरथरत होता की किडाच घाबरून पळाला. आत्याबाईने सावकाश एक पाय उचलला, चाचपडला, ठेवला. आंधळं माणूस पायरी शोधतं ना, तसा. तिला नीट दिसत नाही म्हणे. वहीत आहे.

मग जी झडप घातली! मी स्टुलावरून पडले. ढोपर फुटलं. आणि पडल्या पडल्या हसले, एकटीच. लाज वाटली.

१९ मार्च, गुरुवार

आज छापखान्यातून थेट तिथे. काम नव्हतं, पाणी सकाळीच घातलं होतं. अर्धा तास डब्याला नाक लावून बसले. काचेच्या या बाजूला भीती वाटत नाही, हे लिहून ठेवते. कुणाला सांगणार नाही.

२२ मार्च, रविवार

आत्याबाईने किडा घेतला नाही. पोट काळवंडलंय. मामा आणि पाहुणा व्यवस्थित जेवले. मला काय त्याचं! — पण घरी येऊन घास गेला नाही.

२४ मार्च, मंगळवार

अजून उपाशी. वाटीतलं पाणी तसंच. त्या प्राण्यावर संताप येतोय. तीन आठवडे जीव मुठीत धरून तुझं केलं, आणि तू माझ्याच हातात मरणार? दादाला आयतंच मिळेल. बहिणीने मारली म्हणेल. बोलता आलं की.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी गेले तर आत्याबाई पाठीवर. आठही पाय वर. मेली. वही पाहिली — "पाठीवर पडली की काढ."

काढली. चिमटा नाही, हाताने. मेलेल्याची कसली भीती? हलकी होती, मऊ होती. बुटाच्या खोक्यात जुन्या प्रुफांवर ठेवली आणि रडले. मग रुग्णालयात गेले आणि दादाला रोखठोक सांगितलं: आत्याबाई गेली. पाठीवर पडली होती, काढून ठेवली.

त्याचे डोळे विस्फारले. डाव्या हाताने पलंगाची दांडी बडवायला लागला. "कात. कात!" मी म्हटलं, अरे हो, काढली. "कात!" तोंड लालबुंद. वहिनी धावत आली. ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो वन्सं, कात टाकताना पाठीवरच पडते ती! दरवर्षी. हात नाही लावायचा तेव्हा, जीव जातो!"

कात. त्याने बरोबर लिहिलं होतं. अख्ख्या वहीत बरोबर लिहिलेला तेवढा एक शब्द मी लाल पेनाने खोडला. आयुष्यभर एकेका अक्षरासाठी लोकांना फाडून खाल्लं मी!

धावत परत. खोक्यात ती अर्धी बाहेर, अर्धी जुन्या कातडीत. एक पाय अडकलेला. मदत करायची नाही, वहिनीने बजावलं होतं. तीन तास गुडघ्यांवर बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या.

२७ मार्च, शुक्रवार

जगली. सात पाय. आठवा जुन्या कातीतच राहिला.

२९ मार्च, रविवार

दादासमोर वही ठेवली, लाल खूण दाखवली. म्हटलं, माझी चूक. माझ्यामुळे तिचा पाय गेला. त्याने डावा हात माझ्या हातावर ठेवला. झालं, संपलं, असा.

तेच मला सहन झालं नाही! तीन दिवसांत मी चूक कबूल केली. तू? म्हणून विचारलंच, सगळ्या वॉर्डासमोर. "दार का नाही उघडलंस, दादा?"

बराच वेळ ओठ हलवत होता. मग म्हणाला, "कडी."

अरे, कडी घातलीस हे मीच सांगतेय तुला! "कडी," पुन्हा. "कडी." मी पिशवी उचलली आणि निघाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

३० मार्च, सोमवार

गेले नाही रुग्णालयात. आत्याबाईला पाणी घातलं. नवी कातडी काळी मखमल झालीय. डब्यात हात घालून वाटी सरळ केली. तिच्यापासून बोटभर अंतरावर.

२ एप्रिल, गुरुवार

वहिनीने बोलावून घेतलं. चार दिवस तो तेच घोकतोय म्हणे. मला बघताच त्याने एकेक शब्द ओढून काढला. "कडी... वर. मोठा. कोळी."

आणि रडायला लागला. खांदे उडत होते, घशातून तुटक तुटक आवाज. ख्ख, ख्ख, ख्ख. वहिनी म्हणाली, "लहानपणापासून असेच रडतात म्हणे, कुणाला दिसू न देता."

तोच आवाज. दाराच्या आतून ऐकलेला, अख्खी दुपार. कडीला हात लावता येत नव्हता त्याला, आणि मला सोडून जाताही येत नव्हतं. एक्केचाळीस वर्षं मी त्याला खिदळणं म्हणत आले.