‘ओला रंग’ची चाळिशी

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इतक्या वर्षांनी लिहिते आहे, तर आधी खुशाली कळवते. गुडघे सोडले तर माझं सगळं ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात अजून जाते. मालक म्हणतात, नाकावर फ्रेम बसवावी तर हिनंच. तुझं पियानो जुळवायचं काम कसं चाललंय? समुद्राच्या वाऱ्यानं तुला सर्दी होते, कान बांधून बाहेर पडत जा. म्हातारा झालास तरी हे मलाच सांगावं लागणार.

पत्राचं निमित्त तू ओळखलं असशीलच. आपली ‘ओला रंग’ ही रेकॉर्ड गेल्या शनिवारी चाळीस वर्षांची झाली. रेडिओवर सध्या रॉकच्या इतिहासातल्या मोठ्या दिवसांची मालिका चालू आहे, त्यात एक अख्खा भाग आपल्याला दिला होता. निवेदिका म्हणाली, “या चौघांनी या शहराला स्वतःच्या भाषेत ओरडायला शिकवलं.” मी तेव्हा एका बाईंना चष्मा लावून देत होते, तो सरळ कानाऐवजी केसांत खोचला. शिवाय गाण्यांमागून ऐकू येणाऱ्या त्या घुमण्याला ती ‘धाडसी प्रयोग’ म्हणाली. आपण रेकॉर्डिंग केलं त्या खोलीखाली लाँड्री होती आणि तिची मशिनं बंद करायला मालक तयार नव्हता, हे कोण सांगणार तिला!

संध्याकाळी जुन्या सभागृहात कार्यक्रम झाला. त्याच सभागृहात, जिथल्या व्यवस्थापकानं वीज तोडून आपल्याला हाकललं होतं. आता दाराशी पितळी पाटी लावली आहे. चौघांची नावं आहेत, सारख्याच अक्षरांत. तुझंही आहे. मी बोट फिरवून पाहिलं.

तुला बोलावणं गेलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. त्यावरून भांडायला हे पत्र नाही. रेकॉर्डच्या दहाव्या वाढदिवसाला त्या मासिकानं वहिनीचा एकटीचा फोटो छापला आणि खाली ‘ती आणि तिचे साथीदार’ असं लिहिलं, तेव्हा तुला काय लागलं ते मी पाहिलं आहे. सगळ्या चाली तुझ्या होत्या. तू आधी बँड सोडलास, मग घर. वहिनीनं अडवलं नाही आणि तू मागे वळला नाहीस. दोघंही एकाच मातीचे.

तर कार्यक्रम. सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांत आपल्या वयाचे लोक, मागे त्यांची मुलं, नातवंडं. ढोल्याला नातू झाला आहे, पण ड्रमवर बसला की माणूस तोच! डॉक्टरांनी पाठीला जपायला सांगितलंय म्हणून उशी घेऊन बसला, आणि पहिल्याच गाण्यात उशी उडून माझ्या पायाशी. बेस गिटार मी वाजवली. बोटं बरी चालली.

वहिनी गायली नाही.

तू म्हणशील, प्रसिद्धी चढली असेल डोक्यात. थांब, आधी पुढचं वाच. हे कसं लिहावं ते कळत नाही म्हणून मी मघापासून उशी आणि चष्मे सांगत बसले आहे.

मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढलं तर जगाल. तिनं विचारलं, “गाणं?” त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, “मग काढा. जगल्यावर बघू.” ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत ती गुणगुणत होती, सगळा वॉर्ड ऐकत होता. मी बाहेर जाऊन रडून आले.

तुला कळवू नको म्हणाली होती. “दया म्हणून येईल, आणि मला ते चालायचं नाही.” मी शब्द दिला होता. आज मोडते आहे.

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा काय मागितलं असेल? तू टाकून गेलेली गिटार. कपाटावरून काढली, तारा बदलून आणल्या. जिनं जन्मात कधी गिटारला हात लावला नव्हता, ती साठी उलटल्यावर रोज बोटं सोलवटून घ्यायला बसली. मी शेजारच्या खोलीत ऐकायची. आधी नुसती खरखर, मग कसेबसे दोन सूर, मग एक दिवस पोळ्या लाटता लाटता माझा हात थांबला. ‘ओला रंग’ची चाल होती. तिच्या गळ्यातली, पण तारांवर.

आणि तुझा सोलो! त्यातली ती अवघड जागा, जिथे तू वरून घसरत खाली यायचास, ती तिनं अख्खा हिवाळा घोटली. ढोल्या वैतागून म्हणाला, “वहिनी, सोपी करून टाक ना. कुणाला कळतंय?” तिनं गळ्याला यंत्र लावलं. आता ती तशीच बोलते, घरघरत, एका सुरात. म्हणाली, “ज्याला कळायचं त्याला कळेल.”

शनिवारी तिनं गिटारवर चाल धरली आणि लोक बरोबर गाऊ लागले, तर तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं. हसत होती, पण ठाम. ती चाल तिला स्वतःच म्हणायची होती. मग सोलो आला. दादा, मी तुला खोटं सांगणार नाही, तुझ्याइतका सफाईदार नव्हता. एका ठिकाणी बोट अडकलं. ती थांबली, पुन्हा वर गेली आणि तिथून घसरत खाली आली, बरोब्बर. टाळ्यांचा आवाज पायांखालच्या फळ्यांतून मला जाणवला.

शेवटी तिनं यंत्र माइकपाशी नेलं. त्या आवाजानं लोक दचकले. तिनं बँडची ओळख करून दिली. ड्रमवर ढोल्या. बेसवर माझी नणंद. मग म्हणाली, “गिटारवर, आमचा उंट. आज रजेवर आहे.” तुझं ते जुनं टोपणनाव ऐकून लोक आधी हसले, मग उभे राहिले.

घरी जाताना मी विचारलं, “त्याचं नाव कशाला घेतलंस?”

“सोलो त्याचा आहे,” ती म्हणाली. “मी वाजवला म्हणून माझा होतो का?”

आपल्या सगळ्या टाळ्या, पाट्या, वाढदिवस एका बाजूला ठेव. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून वाजवलं, पण ती केवढी आहे ते मला परवा कळलं.

मी तुला ये म्हणणार नाही. दयेनं तर येऊच नकोस. पण सोलोतल्या त्या जागेवर तिचं बोट अजून अडकतं, आणि ती कशी घ्यायची ते जगात एकालाच ठाऊक आहे. फोन कर. नंबर जुनाच आहे. दुपारी मी दुकानात असते, तीच उचलते. आधी नुसती घरघर ऐकू येईल. लाइन खराब आहे समजून ठेवून देऊ नकोस. तीच असेल.

तुझी,
धाकटी