पांढऱ्याला क्रीम म्हटल्याबद्दल

“ताई, याचा रंग चुकलेला नाही, तुझी नजर चुकतेय.”

हे वाक्य माझ्या धाकट्या बहिणीनं सात वर्षांपूर्वी, याच घराच्या मागच्या खोलीत, हातात पालीच्या जातीचा एक गेको धरून मला ऐकवलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं इथे नोंदवलं. सुरुवात अशीच राहील.

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकोणपन्नास, अविवाहित, रंगाच्या कारखान्यात एकवीस वर्षं शेड जुळवण्याचं काम केलेली, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून गुंडाळलेलं नाही. तेवढं गोड बोलणारं आता कुणी उरलेलंही नाही. पुढच्या गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. मी रागात आहे. राग म्हणजे वेड नव्हे, याची वकीलबाईंनी दोनदा खात्री करून घेतली. पूर्ण नावं आणि पत्ते सोबतच्या यादीत आहेत. इथे मी माणसांना घरात जे म्हणते तेच म्हणणार.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची खोली, आईनं माझ्या नावावर केलेलं, माझ्या पश्चात धाकटीला मिळावं. सात वर्षांपूर्वी यजमानांबरोबर हे घर सोडताना, दारात वाकून चपलेचा पट्टा लावता लावता ती म्हणाली होती, “घर तुझं, पाली तुझ्या, आणि बरोबरही तूच.” या तिन्हींतल्या पहिल्या दोन गोष्टी मी तिला आत्ताच देऊन टाकते. तिसरीचं कलम ६ मध्ये बघू.

अट एकच: मागच्या खोलीतलं शेवटचं जनावर आपल्या मरणानं मरेपर्यंत ती खोली थंड राहावी, पारा पंचविसाच्या वर जाऊ नये. अशी अट कोर्टात टिकणं कठीण, असं वकीलबाई म्हणाल्या. कोर्टात नाही टिकली तर धाकटीत टिकेल. बँकेत जे आहे ते जनावरांच्या डॉक्टरांना आणि विजेच्या बिलाला.

कलम २. जनावरं एकूण अकरा. सगळी क्रेस्टेड गेको. लोक पाली म्हणतात, म्हणू देत. डोळ्यांवर झालरीसारखे काटे, जाळीदार पंजे, आणि पापण्या नाहीतच, जिभेनं डोळे पुसतात. चौदा वर्षांपूर्वी धाकटी एका संध्याकाळी बुटांच्या खोक्यात एक मादी घेऊन आली. मी खुर्चीवर चढले.

“उतर खाली, ती तुला खात नाही,” धाकटी म्हणाली.

“पाल आणलीस घरात?”

“तू दिवसभर रंग बघतेस ना? मग हिचा सांग बरं.”

मी खुर्चीवरूनच म्हटलं, “मातकट.” तिनं दिवा मालवला, खोक्यात पाणी फवारलं आणि अर्धा तास मला गप्प बसवलं. मग हात आडवा धरून छोटी बॅटरी लावली. मातकट अंगावर तांबूस चढला होता, आणि पोटाच्या कडेनं पाठीकडे चुन्यासारखा पांढरा. या रंगाला लिली व्हाइट म्हणतात. त्या अर्ध्या तासात मी फसले. तीच मादी अजून आहे. तिला आम्ही तेव्हापासून म्हातारी म्हणतो, आता ती खरंच म्हातारी झाली.

तेव्हा ज्याच्या हाती ही जनावरं जातील त्यानं लक्षात ठेवावं: दिवसाउजेडी रंग ठरवू नये, दिवसा ती मरगळलेली असतात. पिल्लाचा रंग वर्षभर ठरवू नये, तो बदलत राहतो. अंगभर काळे ठिपके असतील तर डाल्मेशियन, ते आंधळ्यालाही कळेल. खरी कसोटी पांढऱ्याची. कुशीवरचा ठसठशीत क्रीम आणि लिली व्हाइटचा पांढरा यांत भल्याभल्यांची गफलत होते. आणि दोन लिली व्हाइट कधीही एकत्र सोडू नयेत. त्यांच्या चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून पांढरा घेतं आणि जगत नाही. अंड्यातच मरतं, नाहीतर बाहेर येऊन एकदोन दिवसांत.

हा नियम मी धाकटीला शिकवला होता. तिनं मला नाही.

कलम ३. तळमजल्यावरच्या काकूंना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांनी सोसायटीच्या सभेत तीनदा तक्रार केली की माझी जनावरं त्यांच्या स्वयंपाकघरात उतरतात. माझी अकराच्या अकरा कुलपात असतात. काकूंच्या ओट्यामागे राहते ती घरपाल, ती त्यांची स्वतःची आहे, आणि ती त्यांच्याकडेच राहावी.

कलम ४. दिव्यांची पेटी. आत चार तऱ्हेचे दिवे आहेत, एकच रंग ऊन, सावली, दुकान आणि घर अशा चारही उजेडांत बघता येतो. कारखान्यानं मला घरी बसवलं तेव्हा ती मी विकत घेऊन आणली. साहेबांनी निळ्याचे दोन नमुने पुढे ठेवून विचारलं होतं, “यातला फरक तुम्हाला दिसत नाही?” मी म्हटलं, “तुमचे दिवे जुने झालेत.” म्हणून ही नवी पेटी.

ती धाकटीच्या यजमानांना द्यावी. त्यांचा छापखाना आहे आणि त्यांना शाईचा लाल आयुष्यात कधी साधलेला नाही. माझ्या जनावरांना ते “माल” म्हणायचे, हे मी विसरलेले नाही. आम्ही दोघी बहिणींनी पैदास सुरू केली तेव्हा त्यांनी हौसेनं आमची कार्डं छापली, आणि चित्र टाकलं भिंतीवरच्या साध्या पालीचं. एक हजार कार्डं. उरलेली माझ्या कपाटात आहेत, तीही पेटीबरोबर त्यांनाच द्यावीत.

पेटी चांगली आहे. ती का देते, ते पुढे येईल.

कलम ५. हे कलम नसून हकीकत आहे, हे मला कळतं. वकीलबाई, असू दे.

मादी एका वेळी दोन अंडी घालते. ती उचलून ओलसर भुगा घातलेल्या डब्यात ठेवायची, आणि उचलताना जी बाजू वर होती ती शेवटपर्यंत वरच ठेवायची. अंडं फिरलं की आतला जीव गुदमरतो. म्हणून धाकटी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायची. मी रंग ठरवून वहीत लिहायचे, जोड्या लावायचे. अंडी तिची, वही माझी.

त्या साली मी म्हातारीला एक नर दिला, आमच्याच घरात वाढलेला. वहीत त्याचा रंग मी लिहिला होता: क्रीम. चार वेळची मिळून आठ अंडी. दोन आत मेली, एक पिल्लू बाहेर आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं.

“तू अंडी फिरवलीस,” मी धाकटीला म्हटलं.

“ठिपका बघ ना. वरच आहे.”

“मग पाणी जास्त झालं.”

ती उठली, नराला हातात घेऊन आली. “ताई, हा पांढरा आहे. दोघंही पांढरे आहेत. त्यांना वेगळं कर.”

“हा क्रीम आहे.”

तेव्हा तिनं सुरुवातीचं ते वाक्य म्हटलं. त्यावर मी जे बोलले तेही इथे जसंच्या तसं येऊ दे: “याच डोळ्यांवर हे घर चाललं. याच डोळ्यांवर तू शिकलीस. पुन्हा माझ्या नजरेबद्दल बोललीस तर बघ.” तिनं नराला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. सकाळी मी त्याला परत म्हातारीजवळ सोडलं.

पंधरा दिवसांनी पाळीव जनावरांचं विक्री-प्रदर्शन होतं. आमच्या टेबलावर नऊ डबे. लेबलं छापखान्यातून आली होती. मी एकेक वाचत गेले. वहीत मी क्रीम लिहिलेल्या पाच जनावरांच्या लेबलांवर लिली व्हाइट. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि मी तिला पोसून मोठी केली. भाव वाढवायला लेबलं बदलली, असं मी भर सभागृहात धाकटीच्या यजमानांना म्हटलं. चोर म्हटलं. लेबलं फाडली, नऊच्या नऊ. लोक डबे हातात घेऊन उभे होते.

यजमान एवढंच म्हणाले, “ताई, घरी जाऊन बोलू या.” धाकटी जमिनीकडे बघत राहिली.

घरी आल्यावर मी म्हातारीच्या पिंजऱ्याचं दार इतक्या जोरात आपटलं की तिनं शेपूट टाकलं. भिंतीवरच्या पालीला शेपूट परत येतं. या जातीला येत नाही. ते वळवळत असलेलं शेपूट धाकटीनं उचललं आणि माझ्या उघड्या वहीवर ठेवलं. “घे. हेपण आम्हीच तोडलं म्हण.” मग चपलेचा पट्टा, आणि कलम १ मधलं वाक्य.

कलम ६. वही.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. मला अनेक वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे लवकर झाले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “इतके दिवस काय करत होता? पिवळ्या काचेतून बघत होता तुम्ही.” मी म्हटलं, दिवे जुने होते.

पट्टी निघाली त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या खोलीत जाऊन बसले. फवारा मारला, अर्धा तास थांबले, बॅटरी लावली. तो नर पांढरा होता. चुन्यासारखा. म्हातारी आणि तो, दोघांत फरक करायला जागा नव्हती.

मग वही काढली. समासात, माझ्या अक्षराशेजारी, पेन्सिलीचे बारीक ठिपके. मला ते कधी दिसलेच नव्हते. सतरा नोंदींना ठिपका. प्रदर्शनातली ती पाचही त्यांत आहेत. सतरांतली चार जनावरं अजून घरात आहेत. चारही मी या नव्या डोळ्यांनी तीनतीन संध्याकाळी तपासली. चारही ठिकाणी माझं चूक.

म्हणजे लेबलं यजमानांनी बदलली नव्हती. धाकटीनं बदलून छापायला दिली होती, माझ्या नावावर खोटं जनावर विकलं जाऊ नये म्हणून. आणि भर सभागृहात यजमानांनी बायकोचं नाव घेतलं नाही. चोर म्हणवून घेतलं. म्हणून दिव्यांची पेटी. कार्डांबद्दल मात्र क्षमा नाही.

आता धाकटीबद्दल. मृत्युपत्रात ‘तू’ लिहीत नाहीत, पण मला दुसऱ्या कसल्या भाषेत तुझ्याशी भांडता येत नाही.

मला राग आलाय तो तू गेलीस म्हणून नाही. मी ओरडले आणि तू गप्प बसलीस, म्हणून. एकदा सांगितलंस, मग पेन्सिल घेतलीस. अंड्याला जपावं तसं मला जपलंस, ठिपका वर ठेवून, हलू न देता. कुणी सांगितलं होतं? मी तुझी थोरली बहीण आहे. तू माझ्या तोंडावर भांडायला हवं होतंस, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, हात धरून डॉक्टरांकडे फरफटत न्यायला हवं होतंस. ती तीन पिल्लं मेली ती माझ्यामुळे. माझी नोकरी गेली. आणि तुला सगळं दिसत होतं. मी तरी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. तरीही मला राग आहे, आणि तो मी कुणाच्याही नावावर करत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

वही, पेन्सिलीचं बोटभर थोटूक, फवारा आणि वजनकाटा धाकटीला. आणि कलम १ मधली तिसरी गोष्टसुद्धा. बरोबर तू होतीस.

कलम ७. मी जगले-वाचले तर स्वतः, नाहीतर वकीलबाईंनी, येत्या प्रदर्शनात त्याच टेबलावर ही वही उघडी ठेवावी आणि मोठ्यानं वाचून दाखवावं: “ती नऊ लेबलं खरी होती. फाडणारीची नजर चुकली होती.” याच्यापुढे काही जोडू नये. माझ्या आजाराचा उल्लेख करू नये. लोक लगेच हळहळतात.

यानंतर माझ्या घरात दोन जनावरांची जोडी कुणी लावू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिलं आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना.

साक्षीदार पहिल्या: डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. (सही)
साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे घड्याळजी. मागच्या खोलीत यायला तयार नव्हते, सही जिन्यात केली. (सही)

लिहून देणार: थोरली. (सही)

ठिकाण: मागची खोली.
तारीख: चौदा ऑक्टोबर, सोमवार.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून इथे लिहिते. या कागदाची एक प्रत त्या आजच तुझ्या घरी पोचवणार आहेत.

वहीच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे. गेल्या वर्षी, डोळे परत आल्यावर, मी एक जोडी नीट बघून लावली. त्यातलं एक पिल्लू ठेवलं. आता ते वर्षाचं झालं, रंग ठरलाय. आई लिहिली आहे, बाप लिहिला आहे. रंगाची जागा कोरी आहे. मला तो दिसतो. मी लिहिणार नाही.

गुरुवारच्या आधी एका संध्याकाळी ये. फवारा मार, अर्धा तास बस, आणि तो रंग तुझ्या हातानं लिही. शाईनं. पेन्सिल चालणार नाही. चुकलीस तर मी तुला तोंडावर सांगेन.

तू नाही म्हणशील. मीही म्हटलं असतं. तरी ये, आणि मी जिवंत असताना ये.