अडत्याशिवाय अमेरिका

११ जानेवारी २००४, रविवार
सकाळी अमेरिकेहून किशोरचा फोन. मे महिन्यात आम्ही आजी-आजोबा होणार! म्हणाला, जमलं तर या दोन-तीन आठवडे. पोरगं लहानपणापासून संकोची. ‘जमलं तर’ म्हणजे ‘आलंच पाहिजे’, हे फक्त बापाला कळतं. चार वर्षांत इकडे फिरकला नाही, पण ते कामामुळे.

संकल्प: व्हिसाचं सगळं स्वतः करायचं. एजंट नाही म्हणजे नाही. इथे नाशिकला अंबडच्या कारखान्यात उभी हयात परचेसमध्ये काढली, मधल्या माणसाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. वडील लासलगावला कांदा विकून आले की जेवताना पहिला घास अडत्याच्या नावाने शिव्या देऊन घ्यायचे. माल आपला, पैसा व्यापाऱ्याचा, आणि मध्ये बसून अडत खाणार हा. व्हिसा एजंट म्हणजे दुसरं काय? अडत्याच, फक्त एसीत बसलेला.

१५ जानेवारी, गुरुवार
तिळगूळ द्यायचं निमित्त काढून सौ. मला सविताच्या ऑफिसात घेऊन गेली. सविता आमच्याच कॉलनीतली मुलगी. कॉलेज रोडला व्हिसाचं ऑफिस टाकलंय. बाहेर बोर्डावर विमान.

म्हणाली, काका, विचारतील तेवढंच सांगायचं. तीन आठवडे जाणार, नातवंड बघणार, परत येणार. तिकडेच राहून जाल अशी शंका त्यांना आली की संपलं.

मी म्हणालो, पण आमचा मुलगा तर आम्हाला कायमचंच बोलावतोय. सौ.ने माझ्याकडे वळून पाहिलं. सविता म्हणाली, काका, हे तिथे नका बोलू हं.

डोकं फिरलं. पोराच्या प्रेमाचा उल्लेख करायचा नाही, आणि या सल्ल्याची वर फी! तिळगूळ दिला आणि निघालो.

२४ जानेवारी, शनिवार
सायबर कॅफेत फॉर्म. माझा वेग उत्तम होता, कॉम्प्युटरचा कमी पडला. शेवटच्या पानावर सगळं उडालं. परत भरला, परत उडालं. कॅफेवाला म्हणाला, काका, तुम्ही प्रत्येक वेळी बंद करायचं बटण दाबताय. बटणाची जागा चुकीची आहे.

फोटो काढले. मी टाय लावला. सौ. हसतच नव्हती, म्हणाली अमेरिकेला कशाला हसून दाखवायचं.

८ फेब्रुवारी, रविवार
तालीम. डायनिंग टेबलापलीकडे मी व्हिसा ऑफिसर, अलीकडे सौ.
किती दिवस राहणार? तीन आठवडे.
कशासाठी? नातवंड बघायला.
बस. एवढंच! म्हणालो, उत्तराला जरा वजन हवं, समोरच्याला कळलं पाहिजे की आपण ऐरेगैरे नाही. ती म्हणाली, सविताने असंच सांगितलंय. तालीम स्थगित.

२२ फेब्रुवारी, रविवार
धाकटा भाऊ गोरक्ष गावाहून आला. कांद्याची गोणी घेऊन. त्याला वाटेल मी वडिलांचं नाव राखतोय, म्हणून शाबासकीच्या अपेक्षेने सगळं सांगितलं. तर म्हणतो, दादा, आडत्याला शिव्या द्यायच्या आसत्या, पण त्याच्याबिगर मालाला बोली लागत नाय. आपुन सोताच वरडाया लागलो का गिऱ्हाईकाला वाटतं, माल सडेल हे.

गोरक्ष कधी मनमाडच्या पलीकडे गेलेला नाही. त्याच्या म्हणण्याकडे लक्ष दिलं नाही.

९ मार्च, मंगळवार, परतीच्या गाडीत
झालं ते नीट लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर गोंधळ नको.

मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत आत व्यवस्था चोख. ऑफिसर तरुण, किशोरच्याच वयाचा असेल. नम्र. दुभाष्या उभा होता, पण मी इंग्रजीतच बोलणार असं आधीच सांगितलं. त्याने विचारलं, किती दिवस? सौ. दुभाष्याकडे बघून तीन आठवडे म्हणायला लागली, तेवढ्यात मी मध्ये पडलो. म्हणालो, सर, तीन आठवडे आपले म्हणायला. आमचा मुलगा आम्हाला सोडणारच नाही. म्हणतो, बाबा, आता इकडेच राहा. आमच्यासाठी वेगळी खोली ठेवलीय त्याने.

ऑफिसरने मान वर केली. म्हणाला, म्हणजे तिकडे राहायचा विचार आहे? मी म्हणालो, मुलाचं मन कसं मोडणार?

त्याने पासपोर्ट परत दिले, बरोबर नकाराचा एक छापील कागद. सॉरी म्हणाला. मनापासून म्हणाला असं वाटलं.

इगतपुरी येईपर्यंत सौ. खिडकीबाहेर बघत होती. मग तिने एकच विचारलं. किशोर असं कधी म्हणाला?

मी डोळे मिटून घेतले. झोप लागली असावी असं तिला वाटलं असेल.

१४ मार्च, रविवार
किशोरला सांगितलं. तो म्हणाला, अरेरे. मग म्हणाला, हरकत नाही बाबा, तसंही घर लहानच आहे, माझ्या सासूबाई येतील बहुतेक. पुढच्या वर्षी बघू.

आवाज मोकळा वाटला. लाइन आज स्वच्छ होती म्हणून असेल.

सौ. बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. बराच वेळ सोडला.

२९ मार्च, सोमवार
सौ. परस्पर सविताकडे जाऊन आली! विहीणबाईंचा गुडघा दुखावलाय, त्या जाऊ शकत नाहीत, आणि किशोरने काल आईशी वेगळं बोलून घेतलं. त्या वेळी मी दूध आणायला गेलो होतो.

सविताचा विचार असा, की अर्ज एकट्या सौ.चा करायचा. मी इथेच राहायचं. आशाकाकू परत का येणार, तर काका मागे आहेत म्हणून. याहून भक्कम कारण नाही, म्हणे. फाइल तयार होतेय. लग्नाचा फोटो, घराचे कागद, माझ्या पेन्शनचा दाखला, माझे शुगरचे आणि बीपीचे रिपोर्ट.

थोडक्यात, मी आता अर्जदार नाही, जोडपत्र आहे.

परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, पण दिली.

२ मे, रविवार
नातू झाला! किशोर फोनवर रडला. बाबा, तुमच्यासारखं नाक आहे म्हणाला. कॉलनीत पेढे वाटले. सविताकडेही पेढे दिले, कुणाबद्दल मनात ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

११ मे, मंगळवार
सौ.ला व्हिसा मिळाला. मी बाहेर रस्त्यावर पिशव्या सांभाळत उभा होतो.

ऑफिसरने विचारलं, घरी कोण आहे? ती म्हणाली, मालक आहेत. त्यांना चहासुद्धा करता येत नाही, यावंच लागेल मला. दुभाष्याने सांगितल्यावर ऑफिसर हसला आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

गाडीत सगळ्यांना सांगितलं की पहिल्या वेळी पाया मी घालून ठेवला होता. सौ. म्हणाली, हो हो. ती इतकी खूश होती की तिने हेही कबूल केलं.

५ जून, शनिवार
मुंबई विमानतळ. काचेपलीकडे ती ट्रॉली ढकलत गेली. पदर खोचलेला. मी हात हलवत होतो. ती एका बाईला विचारत होती कुठे जायचं म्हणून. मग दिसेनाशी झाली.

एकटी कशी करेल हीच काळजी होती. रात्री नाशिकला घरी आलो तेव्हा कळलं, काळजी वेगळीच होती.

४ जुलै, रविवार
संकल्प रद्द: चहा शिकण्याचा. शेजारच्या सखुबाई शिकवायला तयार होत्या. पण सौ. ज्या कारणावर परत यायची आहे ते कारण मोडून कसं चालेल? सरकारदरबारी नोंद आहे. टपरीवर पितो.

तिकडे उतरल्यावर तिला सहा महिन्यांचा शिक्का मिळाला, म्हणून किशोरने तीन आठवड्यांचं डिसेंबरपर्यंत लांबवलं. घर एरवी व्यवस्थित. दोन ताटं धुतो, सवय मोडू नये म्हणून.

१५ ऑगस्ट, रविवार
फोन. सौ. भराभर बोलते. बाळ पालथं पडतं, बाळ आवाजाकडे बघतं. सूनबाईला तिच्या हातची पिठलं-भाकरी आवडते. किशोर रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की आईशेजारी बसतो म्हणे. इथे असताना माझ्या आठवणीत कधी बसला नव्हता. मी पाऊस किती झाला ते सांगितलं. गंगापूर धरण किती टक्के भरलं तेही सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

३ ऑक्टोबर, रविवार
सौ. फोनवर म्हणाली, तब्येत सांभाळा. मी म्हणालो, उत्तम आहे. शुगर वाढलीय. डिसेंबरच्या सुरुवातीला ती येणारच, तोवर उतरेल.

तिच्या बाजूची उशी काढून ठेवावी म्हणत होतो, धूळ बसते. राहिलं.

३१ ऑक्टोबर, रविवार
सकाळी लवकर फोन. किशोर. सूनबाईची नोकरी परत सुरू होतेय, बाळाला ठेवायचं कुठे? आईला आणखी सहा महिने राहता येईल. मुदत वाढवायचा अर्ज करावा लागतो. मग म्हणाला, बाबा, फॉर्मबिर्मचं तुम्हाला चांगलं कळतं. आपणच भरायचा, का वकिलाला देऊ?

चार वर्षांत पहिल्यांदा त्याने मला काही विचारलं.

मी म्हणालो, आई काय म्हणते? ती फोनवर आली. म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मागे बाळ किंचाळलं, तशी ती रिसीव्हर बाजूला धरून त्याला काहीतरी म्हणाली. किशोर पाळण्यात होता तेव्हा तिचा आवाज असा असायचा. मग परत माझ्याशी बोलायला आली तेव्हा तो नेहमीचा झाला.

इथे दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मी भरला असता तर तो अर्ज शंभर टक्के नाकारला गेला असता. मी भरलेला फॉर्म कसा असतो ते मला माहीत आहे. डिसेंबरात ती घरी असती, आणि दोष कुणाचाच नसता. फोन कानाला लावून उभा असतानाच हे सगळं डोक्यात येऊन गेलं. भरतो मी, हे शब्द अगदी ओठावर आले होते.

किशोरला म्हणालो, वकिलाला दे. स्वतः करण्याच्या भानगडीत पडू नका.

आशाने परत फोन घेतला. विचारलं, तुम्हाला चालेल ना?

म्हणालो, न चालायला काय झालं.